पायाला हात

त्या पायाला दर तासाला हात लावून बघायचा, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा नाही, असं माझ्या बायकोचं म्हणणं होतं. दवाखान्यातले ते सगळे दिवस मी या दोन म्हणण्यांच्या मधे उभा होतो. उभाच होतो, कारण बसणं मला तेव्हा जमतच नव्हतं.

देवळाली कॅम्पात तिचं शिवणकामाचं छोटंसं दुकान आहे. फौजी कुटुंबातल्या बायकांचे ब्लाउज, पोरांचे गणवेश, कधी एखाद्या जवानाची वर्दी अंगाबरोबर करून देणं, असली कामं. अजून पायमशीनच वापरते. मोटर बसवून घे म्हटलं तर म्हणते, मोटरला कापड कळत नाही, पायाला कळतं. त्या दिवशी दुकान बंद करून ती स्कूटीवरून नाशिक रोडला घरी यायला निघाली आणि बाजाराच्या तोंडाशी रिव्हर्स येणाऱ्या एका टेम्पोनं तिला पाडलं. मागचं चाक उजव्या पायावरून गेलं, गुडघ्याच्या खाली. टेम्पोत कोथिंबीर होती. मी पोचलो तेव्हा तिच्या केसांना, ओढणीला, रक्तालासुद्धा कोथिंबिरीचा वास येत होता. अजूनही घरात जुडी आली की मी खिडकी उघडायला उठतो.

आधी नेलं तिथं सांगितलं, पाय काढावा लागेल. इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला क्षणभर वाटलं, चप्पल काढायची म्हणताहेत. तिथून अँब्युलन्सनं मुंबई नाक्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात. तिथले सर्जन पन्नाशीचे, कमी बोलणारे. म्हणाले, "प्रयत्न करून बघू." तिच्या डाव्या पायातली एक शीर काढून त्यांनी उजव्या पायातल्या तुटलेल्या रक्तवाहिनीच्या जागी जोडली. मोडलेलं हाड बाहेरून सळया घालून धरून ठेवलं. मग बाहेर येऊन, टोपी काढता काढता म्हणाले, "पाय ठेवलाय. राहतो का ते आता बघायचं."

ठेवलाय. फडताळात बरणी ठेवतात तसा. त्या शब्दाचा मला इतका राग आला की मी आभार मानायचेच विसरलो.

काय बघायचं तेही त्यांनी सांगितलं. बोटं गरम हवीत आणि गुलाबी हवीत. गार पडली किंवा निळसर दिसली की लगेच हाक मारायची, कारण जोडलेल्या शिरेत रक्ताची गाठ झाली तर हाताशी वेळ फार थोडा असतो. सिस्टर बघतीलच, पण तुम्हीही बघा. मी म्हटलं, "मी शाळेत चित्रकला शिकवतो. रंगाचं काम माझ्याकडे सोडा." बायकोचा पाय पणाला लागलेला असताना माणसानं असलं काहीतरी बोलावं, याचं मला आता नवल वाटतं. पण तेव्हा काहीतरी आपल्या हातात आहे असं वाटल्याशिवाय मला श्वासच घेता येत नव्हता.

आणि रंगाचं काम सोपं नव्हतं. वॉर्डातल्या ट्यूबलाइटखाली कुणीच गुलाबी दिसत नाही. पेशंट शेवाळी, नातेवाईक शेवाळी, सिस्टर शेवाळी. मोबाइलचा टॉर्च लावला तर बोटं निळी दिसायची आणि माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. सकाळचं ऊन शेजारच्या खाटेवर यायचं, आमच्या नाही. म्हणून एकदा मी खाटेच्या चाकांचे ब्रेक सोडून तिला आख्खी उन्हात ढकलत नेली, तेव्हा सिस्टरनं मला शाळेतल्या पोरांना झापतात तसं झापलं. मग मी रंगाच्या दुकानातून भिंतीच्या रंगांचं शेडकार्ड आणलं आणि बोटाशेजारी धरून बघायला लागलो. गुलाबीच्या एवढ्या छटा त्यात होत्या, पण माझ्या बायकोच्या गव्हाळ पायाची एकही नव्हती. सिस्टर म्हणाली, "सर, हॉल रंगवायचाय की बेडरूम?" बायको सळयांच्या त्या सगळ्या लटांबरासकट हसली, मग कळवळली. शेवटी मी नख दाबून बघायला शिकलो. दाबलं की नख पांढरं होतं, सोडलं की लाली परत येते. ती परत येईपर्यंत माझा जीव टांगलेला असायचा, आणि तासाभरानं पुन्हा तेच.

आता बायकोचं म्हणणं. ती काही देवधर्मातली नाही. उपास तिला झेपत नाहीत, चतुर्थीला मीच आठवण करून दिली तर म्हणते, तुम्हीच धरा की. पण एक गोष्ट तिच्या अंगात अशी मुरलीय की ती निघत नाही. तिचा पाय मला लागला की तिचा हात आधी माझ्याकडे येतो आणि मग स्वतःच्या कपाळाला जातो. जेवायला बसताना लागला तरी, स्कूटीवरून उतरताना लागला तरी. झोपेत लागला तर झोपेतच हात येतो, माझा दंड चाचपतो आणि कपाळाकडे जातो. सकाळी विचारलं तर तिला पत्ता नसतो. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी मुद्दाम पाय लावून तिला छळायचो. ती वैतागायची, शिव्या द्यायची, पण नमस्कार काही चुकायचा नाही. आणि मी तिच्या पायाला हात लावणं तर सोडाच. एकदा काटा रुतला होता तेव्हा शेजारणीला बोलावलं, मला नाही.

त्यामुळे पहिल्यांदा मी तिचा अंगठा हातात घेतला तेव्हा, गुंगी पुरती उतरलेली नसताना, ती म्हणाली, "अहो, काय करताय? सोडा पाय." आणि सलाईन लावलेला हात माझ्या दिशेनं उचलून कपाळाला नेला. सुई हलली, नळीत रक्त उलटं चढलं. सिस्टर धावत आली. पुढच्या तासाला पुन्हा तेच. "मॅडम, हात हलवू नका," सिस्टर म्हणाली. बायको म्हणाली, "मग यांना सांगा, पायाला हात लावू नका."

"डॉक्टरांनी सांगितलंय, ते ऐकायचं की तुझं?" मी म्हटलं.

"डॉक्टरांना लावू दे. ते काय माझे नवरे आहेत?"

शेवटी तिच्या आईनं तोड काढली. सासूबाई घोटीजवळच्या खेड्यातून पहिल्याच बसनं आल्या होत्या, डब्यात पेज आणि पिशवीत दोन लुगडी घेऊन. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही नका लावू हात. लेकीला पाप लागंल. म्या बघते ना." मी मागे सरकलो. पण या बाई तव्यावरची भाकरी बोटांनी उलटतात, चुलीतला निखारा चिमटीनं उचलून बाजूला ठेवतात. त्यांच्या हाताला गार काय आणि गरम काय. दर वेळी पाय चाचपून एकच निकाल, "गरम हाय. लय झ्याक हाय." म्हणून त्या पेज भरवत असल्या, बायकोचं तोंड तिकडे असलं की मी हळूच मागून जाऊन बोटं बघून घ्यायचो. आपल्याच बायकोच्या पायाशी चोरासारखा.

बाकी वेळ मी चालत असायचो. वॉर्ड ते जिना, जिना ते औषधाचं दुकान, तिथून चहाची टपरी. चहा सांगायचो आणि तो यायच्या आत परत फिरायचो. भेटायला येणारी मंडळी माझी दशा बघून म्हणायची, "सर, जरा पाय मोकळे करून या," आणि मग जीभ चावायची. आपल्या भाषेत पाय किती ठिकाणी पेरलेत ते मला तेव्हा कळलं. कुणी म्हणालं, आमची पोरगी आता स्वतःच्या पायावर उभी आहे. कुणी म्हणालं, इथून पाय निघत नाही हो. प्रत्येक वेळी बायकोच सगळ्यांना सोडवायची. "बोला, बोला," म्हणायची, "माझा एक पाय अजून ऐकायला आहे."

मधे एक दिवस शाळेत जाणं भाग पडलं. सासूबाई म्हणाल्या, "जावा, म्या हाय." मी गेलो, आठवीच्या पोरांना बाजाराचं दृश्य काढायला सांगितलं, आणि एकानं भाजीवालीच्या टोपलीत कोथिंबीर काढलेली बघून वर्ग दुसऱ्या शिक्षकांच्या गळ्यात घालून निघालो. सिटी बसमधे जागा असूनही उभा राहिलो.

वॉर्डात शिरलो तर दोघी मायलेकी गप्पा मारत होत्या. बायकोचं तोंड आईकडे होतं. सवयीनं मी चादर उचलून बोटांकडे पाहिलं. अंगठ्याशेजारचं बोट करवंदासारखं झालं होतं. पिकलेल्या, काळ्याजांभळ्या करवंदासारखं. सुजून फुगलेलं, आणि त्याच्या बुडाशी एक बारीक खाच. खाचेत लाल काहीतरी. मी वाकून बघितलं. दोरा होता. देवापुढचा लाल दोरा, दोन वेढे देऊन गाठ मारलेला, सुजेत पार रुतलेला.

मी बोटानं ओढला, निघेना. बायकोच्या पर्समधे दोरे कापायची छोटी कात्री कायम असते. ती काढली, टोक दोऱ्याखाली सरकवलं आणि तो कापला. ती बोलतच होती. मी ओरडलो तेव्हा कुठे तिनं मान वळवली.

सिस्टर आली, डॉक्टरांना फोन गेला. तेवढ्या वेळात मी सासूबाईंना काय काय बोललो ते सगळं लिहिणार नाही. अंगाचा तिळपापड झाला होता. "पाय राहावा म्हणून इथे माणसं रात्रंदिवस झटताहेत, आणि तुम्ही दोरे कसले बांधताय? अक्कल गहाण ठेवलीत का?" वॉर्डातले सगळे बघत होते. सासूबाई खाटेचा दांडा धरून उभ्या होत्या. अपघाताच्या दिवशी दोन्ही पायांची जोडवी कापून काढावी लागली होती. ती माझ्याच खिशात, प्लास्टिकच्या पुडीत होती. सासूबाईंनी आल्या आल्या लेकीच्या पायांकडे पाहून तोंड फिरवलं होतं, ते मला जखमेमुळे वाटलं होतं.

"सवाशीण बाई," त्या म्हणाल्या, "नवरा धडधाकट असता बिनजोडव्याची कशी निजवायची? चांदी नाय चालत म्हनले, म्हून दोरा बांधला. तुमच्यासाठीच बांधला होता, जावईबापू."

माझ्या आयुष्यासाठी बांधलेला दोरा माझ्याच हातात होता, तुटका. मी तो खिशात टाकला आणि सासूबाईंकडे न बघता म्हणालो, "बसा तुम्ही." त्या बसल्या नाहीत.

डॉक्टर आले तोवर बोटाचा काळेपणा उतरून त्यावर लाली फुटायला लागली होती. बोट वाचलं. माझा जीव भांड्यात पडणार, इतक्यात डॉक्टरांनी तिला विचारलं, "एवढा रुतला, तुम्हाला दुखलं नाही?"

"नाही," ती म्हणाली.

"आत्ता कात्री लावली ते?"

"कधी लावली?"

पाय बधिर आहे ते ऑपरेशनच्या आणि दुखण्याच्या औषधांमुळे, असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि एका बोथट टाचणीनं बोटांना, तळव्याला, टाचेला टोचून बघितलं. ती डोळे मिटून वाट बघत राहिली. शेवटी म्हणाली, "सुरू करा ना, डॉक्टर."

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला सांगितलं. रक्त पोचतंय, पण तळव्याला जाणीव नाही. जाणिवेची नस तुटलेली नाही, ती त्यांनी स्वतः बघितलीय, पण चेपलीय. कधी परत येते, कधी येत नाही. मी विचारलं, नाही आली तर? ते म्हणाले, हाडासाठी अजून मोठी ऑपरेशनं बाकी आहेत, सोसणं पुष्कळ आहे. आणि जाणीव नसलेल्या पायाला भाजलं, चिरलं तरी माणसाला कळत नाही, जखम चिघळते. तसल्या पायासाठी तिला एवढं सोसायला लावायचं का, याचा विचार करावा लागेल.

"म्हणजे काढायचा?"

"थोडे दिवस बघू. हाडाचं ऑपरेशन ठरवण्याआधी पुन्हा तपासतो."

म्हणजे जो पाय गरम आणि गुलाबी राहावा म्हणून आम्ही जिवाचं रान केलं, तो तसा राहूनही जाऊ शकत होता. मला डॉक्टरांचा राग आला, टेम्पोवाल्याचा आला, सासूबाईंचा आला आणि बायकोचाही आला. सगळ्यांच्या खाली नुसती भीती होती. मला फार भीती वाटत होती.

तिला मी काही सांगितलं नाही. सांगावं लागलंही नाही. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "लहानपणी भाताच्या लावणीला आईबरोबर खाचरात उभी राहायचे ना, तेव्हा बराच वेळ झाला की पाय गारठून जायचे. आपली बोटं कुठं संपली आणि चिखल कुठं सुरू झाला ते कळायचं नाही. तसं वाटतंय. मी अजून चिखलातच उभी आहे." मग म्हणाली, "पण बाहेर निघालं की यायचे हो पाय परत."

त्या दिवसापासून मी ब्रश आणायला लागलो. जलरंगाचा मऊ, जाडा ब्रश. आता हात लावायचा प्रश्न नव्हता, ब्रश लावायचा होता, त्याला तिची हरकत नव्हती. ती डोळे मिटायची, मी तळव्यावरून ब्रश फिरवायचो आणि विचारायचो, "आता?" पहिले काही दिवस "नाही", "नाही", "अंहं". मग एका दुपारी ती म्हणाली, "हो."

"कुठं?"

"अंगठ्याजवळ."

अंगठ्याजवळच होता. मी सिस्टरला सांगितलं, शेजारच्या पेशंटच्या मुलाला सांगितलं, टपरीवाल्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, पाचात तीन तरी बरोबर. सासूबाईंनी पदराआड हात जोडले. मी त्या दिवशी चहा यायची वाट बघितली आणि पूर्ण प्यायलोही.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आता?" आणि तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. मी फोन काढायला लागलो. ब्रश दुसऱ्या हातात, हवेत.

"हो," ती म्हणाली, "टाचेला."

मी हवेतल्या ब्रशकडे बघितलं. फोन वाजून बंद झाला. काय करावं ते सुचेना म्हणून मी "छान" म्हणालो. माझ्या आवाजातून तिला कळलं असावं. तिनं डोळे उघडले.

"चुकलं का माझं?"

"ब्रश लावलाच नव्हता," मी म्हटलं.

ती छताकडे बघत राहिली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं, ते तिनं पुसलंही नाही. "आईचं तोंड बघवत नव्हतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही. तुम्ही बसतच नाही हो. अपघात झाल्यापासून मी तुम्हाला बसलेलं बघितलेलं नाही. म्हटलं, हो म्हटलं तर निदान एकदा खाली बसाल."

स्टूल शेजारीच होतं. तेव्हा मी बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "आलो जरा," आणि बाहेर पडलो. उड्डाणपुलाच्या खालून चालत द्वारका चौकापर्यंत गेलो. रस्त्याकडेला कुणी रसवंतीवर उभं होतं, कुणी रिक्षावाल्याशी घासाघीस करत होतं. मी सगळ्यांचे नुसते पाय बघत होतो. भेगाळलेले, चिखलाळलेले, बुटातले, रबरी चपलेतले. लोक ते कसेही टाकत होते, आपटत होते, एकानं तर दगडाला लाथ मारली. त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. मग सगळा रस्ता उलटा चालत परत आलो. ब्रश काही पुन्हा काढला नाही. तिनंही विचारलं नाही. पाय गरम होता, गुलाबी होता, आणि कुणाचाच नव्हता.

डॉक्टर पुन्हा तपासायला येणार होते त्या सकाळची गोष्ट. थंडी चांगलीच होती. सळयांवर घोंगडी टाकल्यामुळे पायाशी छोटा तंबू उभा राहिला होता. पलीकडून तिला पाय दिसायचा नाही आणि मीही तिला अर्धाच दिसायचो. टाचेचं कातडं कोरडं पडून फुटायला लागलंय, खोबरेल लावा, असं सिस्टर सांगून गेली होती. सासूबाई लेकीची वेणी घालत होत्या, त्यांचे हात गुंतले होते. मला नुसतं उभं राहवेना, डॉक्टर येईपर्यंत काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मीच तळहातावर तेल घेतलं.

तिकडे बायकोचा फोनवर दंगा चालला होता. कॅम्पातली एक गिऱ्हाईक, लेकीचा साखरपुडा तोंडावर, ब्लाउज बंद दुकानात अडकलेला. "अहो ताई, अस्तर तुम्हीच आणून दिलं होतं. मी सांगितलं होतं, आधी पाण्यातून काढू. आता आक्रसलं तर माझ्या नावानं कशाला ओरडता?" आवाज पूर्वीसारखा चढला होता. मला बरं वाटलं. मी घोंगडीखाली हात घालून टाच धरली आणि अंगठ्यानं तळव्याला तेल चोळायला लागलो.

"आणि गळा तुम्ही खोल सांगितला, मी नाही," असं म्हणता म्हणता तिचा मोकळा हात घोंगडीतून वर आला. माझ्या दिशेनं हवेत आला, बोटं जुळली, आणि कपाळाला लागून परत गेला. "पाठीला नाड्या हव्यात म्हणालात, त्या लावल्यात," ती पुढं बोलतच होती.

माझा हात थांबला. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. डोळे मिट, असं म्हटलं नव्हतं. मी हात काढून घेतला, जरा थांबलो, आणि एका बोटानं, ब्रशनं लावावं इतकं हलकं, तळव्याच्या मधोमध टेकवलं.

हात पुन्हा आला. पुन्हा कपाळाला गेला. या वेळी तिनं फोनवर तळवा ठेवला आणि वैतागून म्हणाली, "अहो, किती वेळा सांगितलं तुम्हाला, पायाला हात लावू न..."

आणि तिथंच थांबली.

फोनमधून त्या ताई "हॅलो, हॅलो" करत होत्या. सासूबाईंचा हात वेणीच्या अर्ध्या पेडावर थांबला होता. बायको घोंगडीच्या तंबूकडे बघत होती, पलीकडे काय चाललंय ते दिसत नसताना.

"परत लावा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी लावला. तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि हात सवयीनं पुन्हा वर यायला लागला. सासूबाईंनी तो मधेच धरला, आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

"राहू दे गं आता," त्या म्हणाल्या. "लावू दे त्यांला. पाप लागंल ते मला लागू दे."

मी पायानंच स्टूल ओढलं आणि तिचा पाय हातातून न सोडता खाली बसलो.